काचेमागची खिडकी आणि एक खिळा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, कोथरूड येथील आमच्या तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत गेली पंचवीस वर्षे विनाभाडे, विनातक्रार व विनाजेवण राहणाऱ्या दोनशे अकरा स्त्रियांनी येत्या तीस तारखेपर्यंत जागा रिकामी करावयाची आहे. इमारत पाडण्यात येणार आहे. हरकत असल्यास ती लेखी द्यावी. तोंडी हरकत घेण्यासाठी त्यांच्यापैकी एकीनेही आजवर तोंड उघडलेले नाही.

ही सूचना मी ठळक अक्षरांत लिहून हॉलच्या दाराला आतून चिकटवली. बायकोने चष्मा कपाळावरून खाली ओढून ती शेवटपर्यंत वाचली.

"शुद्धलेखन बरोबर आहे," ती म्हणाली. "आता माळ्यावरच्या ट्रंका खाली काढा."

या स्त्रिया म्हणजे जुन्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरच्या. हाताने रंगवलेल्या. नाकात नथ, हातात तबक, तबकात पणत्या आणि नजर सरळ तुमच्यावर, जणू फराळाला बोलावलं होतं सहाला आणि तुम्ही आलात साडेसातला. एकीच्या तबकात पणत्या सात आहेत आणि ज्योती सहा. सातवी ज्योत बहुधा अंक छापायला न्यायच्या घाईत राहून गेली. एकीच्या उजव्या हाताला सहा बोटं आहेत, पण चेहरा इतका गोड आहे, की ती मोजायला मला चार वर्षं लागली. बऱ्याच जणींच्या गालांवर जांभळा शिक्का आहे. तो सर्क्युलेटिंग लायब्ररीचा. अंक कुणी ढापू नये म्हणून लायब्ररीवाले शिक्का मारत, आणि कागदाची रिकामी जागा सोडून नेमका गालावर मारत. लायब्रऱ्या एकेक करून बंद पडायला लागल्या, तेव्हा मी स्कूटर घेऊन शनिवारी शनिवारी फिरायचो आणि रद्दीत निघालेल्या या शिक्केवाल्या बायकांना घरी आणायचो.

त्रेसष्ट भिंतीवर, बाकीच्या आठ ट्रंकांत. दर दसऱ्याला मी स्टुलावर चढून भिंतीवरच्या उतरवायचो आणि ट्रंकेतल्या वर चढवायचो. गंजलेल्या पिना काढायच्या, मध्ये बटर पेपर घालायचा, कसर लागू नये म्हणून कापराच्या पुड्या ठेवायच्या. पाहुणे आले की मी हातात फूटपट्टी घेऊन त्यांना भिंतीभिंतीने फिरवायचो, आवाज चढवून, उतरवून. पाहुणे चहा गार होईपर्यंत ऐकायचे. एकदा एका पाहुणीने कौतुकाने विचारलं, "वहिनी, तुम्हालाही यांची आवड असेल ना हो?" त्यावर बायको म्हणाली, "घरात त्रेसष्ट बायका आहेत आणि भाजी मी एकटीच चिरते."

मी हसलो होतो. अलीकडे मात्र दसरा जवळ आला की गुडघ्यांना आधी कळायचं. मागच्या वर्षी स्टुलावर चढलो, नऊ फ्रेम उतरवल्या आणि तिथेच भिंतीला टेकून उभा राहिलो. खाली उतरायचाही कंटाळा आला आणि वर राहायचाही. छंद हा शब्द फार हलका आहे. ट्रंका हलक्या नसतात. मी दमलो होतो, आणि आपण आपल्याच हौसेने दमलो असलो की ते कुणाला सांगायची सोय नसते.

असो. या दोनशे अकरांमध्ये एक बाई निराळी होती, आणि पुढचं सगळं तिच्यावरून झालं.

ते होतं खिडकीचित्र. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पानावर खिडकी रंगवलेली असते आणि तेवढा कागद कापून काढलेला असतो. त्या भोकातून मागच्या पानावरच्या चित्राचा छोटासा तुकडा दिसतो, आणि तो असा काही दिसतो, की माणूस आधी मागे कुणी उभं नाही ना ते बघतो आणि मग पान उलटतो. उलटल्यावर भलतंच काहीतरी अगदी साधं निघतं. आमच्या मुखपृष्ठावरच्या खिडकीतून दिसायची एक उघडी पाठ. गोरी, गोलसर, चकचकीत. तिच्यावर तेलाचा एक ओघळ आणि खांद्यावर रुतलेली पाच बोटं. पान उलटलं की आत तालीम. लाल माती, भिंतीवर मुद्गल, आणि एक मिशीवाला पैलवान दुसऱ्या मिशीवाल्या पैलवानाला तेल लावून रगडतोय.

आणि मी, स्वतःला मुरलेला समजणारा संग्राहक, हे चित्र दोन्ही पानांसकट काचेच्या फ्रेममध्ये बसवून घेतलं. मागे प्लायवूड, चारी बाजूंनी खिळे. हॉलमध्ये सोफ्याच्या बरोबर समोर टांगलं. महिनाभर मी खूश होतो. मग लक्षात आलं, की काचेमागचं पान कुणाला उलटता येत नाही. पैलवान कायमचे आत अडकले आणि बाहेर राहिली ती फक्त पाठ. नंतर उघडू, नंतर उघडू करता करता ती फ्रेम तशीच राहिली.

तशात नऊ वर्षांपूर्वी सासूबाई आल्या. सासरे गेले त्यानंतर, चार दिवसांसाठी. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, हातात सदा क्रोशाची सुई. चार दिवसांची चार वर्षं झाली, मग नऊ झाली, पण त्यांनी ते कधी मान्य केलं नाही. मुलीच्या घरी राहायचं नसतं, यायचं असतं, हे त्यांच्या पिढीचं. त्यामुळे कॉटखाली एक मरून बॅग कायम भरलेली, आणि नऊ वर्षांत या घरातल्या एकाही वस्तूला त्यांनी 'माझं' म्हटलं नाही. रोज ज्या कपातून चहा प्यायच्या तो 'तुमच्याकडचा निळा कप'. ज्या खोलीत झोपायच्या ती 'त्या तिकडची खोली'. एकदा पंखा बंद पडला, तर मला म्हणाल्या, "तुमचा तिकडचा पंखा आज फिरत नाहीये. मला काही नाही, सांगून ठेवलं."

त्यांची खुर्ची सोफ्याशेजारी. म्हणजे समोर पाठ.

"ती फ्रेम काढा," बायको पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात कुजबुजली.

"अगं, आत पैलवान आहेत."

"आत आहेत ना. बाहेर काय आहे?"

"मग मी आईंना सांगतो समजावून."

"काय सांगणार? आई, ही जी उघडी पाठ आहे ना, ती पुरुषाची आहे? बरं वाटेल त्यांना ऐकून."

फ्रेम काढली तर आपण लाजून काढली असं दिसणार, आणि समजावलं तर बोटाने दाखवावं लागणार. सासू आणि जावई यांच्यात जेवढं बोलायची पद्धत आहे, त्यात उघडी पाठ बसत नाही. मी मधला मार्ग काढला. फ्रेमच्याच खिळ्याला भिंतीवरचं कॅलेंडर टांगलं. सगळं झाकलं. फक्त पंखा दोनवर केला की कॅलेंडर हळूच वर उचललं जायचं, पाठ दिसायची, आणि कॅलेंडर पुन्हा खाली यायचं. आधी जे नुसतं दिसत होतं, ते आता डोकावायला लागलं. आणि सासूबाई रोज सकाळी तिथी बघायला त्याच कॅलेंडरपाशी जायच्या. तिथी बघून झाली, की ते दोन्ही हातांनी नीट खाली ओढून, दाबून, परत खुर्चीत. एक शब्द नाही. नऊ वर्षं.

इमारत पाडायचं ठरलं, तशी आम्ही दोन गल्ल्या सोडून भाड्याची जागा बघितली. घरमालक अटी सांगत होते. पाणी सकाळी दोन तास. गाडी एकच. "आणि भिंतीला खिळा ठोकायचा नाही. एकही नाही. रंग नवा आहे."

"माणसं चालतील?" बायकोने विचारलं.

"माणसं चालतील," ते गंभीरपणे म्हणाले.

सासूबाईही आमच्याबरोबर आल्या होत्या. हॉल, एक झोपायची खोली आणि स्वयंपाकघराला लागून एक छोटी खोली. त्या छोट्या खोलीत जाऊन त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. "इथे एक खिळा आहे," त्या आतून म्हणाल्या. आधीच्या भाडेकरूचा राहिलेला. मालकांनी आत जाऊन खात्री करून घेतली आणि तो एक मंजूर केला.

"बाबांचा फोटो लाव तिथे," बायको म्हणाली.

"फोटो माझ्या पाकिटात असतो," सासूबाई म्हणाल्या. "आणि मी काय, असून नसून सारखी."

घरी येऊन आम्ही मोजमापं कागदावर मांडली. तेव्हा मी जे बोललो ते अजून माझ्या कानात आहे, कारण त्यात वाईट हेतू अजिबात नव्हता आणि तरी ते तसंच ऐकू येतं. मी म्हणालो, "छोटी खोली आठ बाय सात. कॉट लावली तर ट्रंका बसत नाहीत, आणि ट्रंका लावल्या तर कॉट बसत नाही." बस. गणित सांगितलं. सासूबाई गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलाला फोन केला आणि चहाच्या वेळी जाहीर केलं, "मी मांजरीला जाते. येत्या रविवारी चार वाजता तो न्यायला येतोय."

मांजरीला, म्हणजे पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मेहुण्याचा दहाव्या मजल्यावर नवा फ्लॅट आहे. छान आहे. नवराबायको दोघंही सकाळी आठला बाहेर पडतात आणि रात्री येतात. सासूबाई तिथे एकदा पंधरा दिवस राहून आल्या होत्या. कसं वाटलं विचारल्यावर म्हणाल्या होत्या, "दिवसभरात बोलणारी एकच, लिफ्टमधली बाई. तीही मजला सांगते आणि गप्प बसते."

"आई, मी नुसतं मोजमाप सांगत होतो," मी म्हणालो.

"बरोबरच सांगत होतात. आठ बाय सात. मीही मोजली होती पावलांनी."

"ट्रंका काय, मी आज काढून टाकेन."

"माझ्यासाठी काही काढू नका. तुमची इतक्या वर्षांची हौस. आणि मला कुठे कायमचं राहायचं होतं? चार दिवस म्हणून आले होते."

बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, "नऊ वर्षं ती या घरात पाहुणी होती. तुम्ही तिला निरोप दिलात. टेप हातात धरून."

संध्याकाळी मी ट्रंका उघडून बसलो. उद्देश हा होता, की शेवटचं एकदा सगळ्यांना डोळे भरून बघावं. दुसऱ्या ट्रंकेपर्यंत मला जांभया यायला लागल्या. तीच नथ, तेच तबक. दोनशे अकरा जणी मला फराळाला उशीर झाल्याबद्दल बघत होत्या आणि त्यांच्यापैकी एकीनेही मला पंचवीस वर्षांत पंखा बंद असल्याचं सांगितलं नव्हतं. मी ट्रंका बंद केल्या आणि चित्रकलेच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना फोन लावला. त्यांनी दोन वर्षांपूर्वी घरी येऊन सगळा संग्रह बघितला होता आणि जाताना म्हणाले होते, "कंटाळा आला की सांगा. येतोच सगळ्यांना." तेव्हा मला त्या माणसाचा राग आला होता.

"आला का कंटाळा?" त्यांनी फोनवर विचारलं.

"आला," मी म्हणालो.

"रविवारी सकाळी टेम्पो घेऊन येतो."

सासूबाईंना मी हे आनंदाने सांगितलं. त्यांनी सुईवरचे टाके मोजून पूर्ण केले आणि म्हणाल्या, "बरं झालं, विद्यार्थ्यांना उपयोग होईल. मी चारला निघतेच आहे." म्हणजे गणितातून ट्रंका गेल्या, तरी उत्तर तेच राहिलं. कारण आता खोली रिकामी होती, पण तिला तिकडची खोली म्हणायची सवय तशीच होती. राहा म्हणून बायकोने तीनदा सांगितलं, मी दोनदा. आग्रह पाहुण्याला करतात, हे आम्हाला सुचलं नाही. जितका आग्रह केला, तितक्या त्या जास्त पाहुण्या झाल्या.

रविवारी प्राध्यापक नऊला आले. पांढरे हातमोजे घालून. टेम्पोवाल्यांनी आठही ट्रंका उतरवल्या, भिंतीवरच्या फ्रेम गोधड्यांत गुंडाळून नेल्या. मला वाटलं होतं, मी निदान एखादं भाषण करीन. मी जिन्यात उभा राहून "डावीकडून, डावीकडून" एवढंच म्हणत राहिलो. साडेअकरापर्यंत घर बोडकं झालं. हॉलमध्ये उरल्या चार गोष्टी. सोफा, खुर्चीत सासूबाई, दाराशी त्यांची मरून बॅग, आणि भिंतीवर कॅलेंडर.

"याच्यामागे फ्रेम आहे का काही?" प्राध्यापकांनी विचारलं.

बायको तिसऱ्यांदा चहा टाकायला आत गेली. मी कॅलेंडर काढलं. सासूबाईंनी मान खाली घालून टाका घातला.

प्राध्यापक काचेजवळ वाकले. "हे खिडकीचित्र आहे," ते म्हणाले.

"हो."

"काचेमागे लावलंत."

"हो."

"टपालाने आलेली पत्रंही पाकीट न फोडताच वाचता का तुम्ही?"

त्यांनी फ्रेम सोफ्यावर पालथी ठेवली, मागचे खिळे पकडीने उपटले आणि प्लायवूड काढलं. दोन्ही पानं सुटी होऊन हातात आली. पण इतक्या पावसाळ्यांच्या ओलीने ती एकमेकांना कडेने चिकटली होती. हातमोज्यांत कागदाची कड सापडेना. बायकोने सुरी आणून दिली, तर ते म्हणाले, "सुरी नको, फाटेल. बारीक, बोथट काहीतरी हवं."

तेव्हा बाजूने एक हात पुढे आला. हातात क्रोशाची सुई.

"याने होईल," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, तुम्हीच करा. मला कड दिसत नाहीये."

त्यांनी चष्मा पुसून लावला. चित्र मांडीवर घेतलं. उत्तरपत्रिकांची चिकटलेली पानं जिने तीस वर्षं सोडवली, तिची बोटं होती ती. कडेने सुई सरकवत, न थांबता, वरपासून खालपर्यंत. बायको दारात ट्रे घेऊन उभी होती आणि माझ्याकडे बघतही नव्हती. मग सासूबाईंनी मुखपृष्ठ हळूच उलटलं.

लाल माती. मुद्गल. आणि दोन जाडजूड मिशा.

त्यांनी पान परत मिटलं. खिडकीतून पाठ बघितली. पुन्हा उलटलं. मिशा बघितल्या. असं तीनदा केलं. चौथ्यांदा त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, आवाज न करता, डोळ्यांना पदर लावून, श्वास लागेपर्यंत.

"पैलवान आहेत," त्या लेकीला म्हणाल्या. "अगं, हे पैलवान आहेत."

"आम्हाला माहीत होतं, आई."

"मग मला नको का सांगायला? मी आपली रोज कॅलेंडर खाली ओढून त्या बाईला झाकत होते. म्हणायचे, जावई स्वभावाने अगदी चांगले आहेत, एवढं एक सोडलं तर."

प्राध्यापकांनी खाकी कागद पसरला आणि चित्र घ्यायला हात पुढे केला. "या वर्षी मुलांना पहिलं हेच दाखवीन," ते म्हणाले. "द्या आजी."

सासूबाईंनी चित्र दिलं नाही. दोन्ही तळवे त्यावर ठेवले, रोज सकाळी कॅलेंडरवर ठेवायच्या तसेच. दाराशी बॅग होती, घड्याळात पावणेबारा झाले होते, खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. त्यांनी प्राध्यापकांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बहुधा स्वतःलाही कळायच्या आत त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"हे कुठेही जाणार नाही. काच न लावता त्या छोट्या खोलीतल्या माझ्या खिळ्याला लागेल हे."